दोन तांबे पाणी

वामनराव भोयरांच्या घरी सून कधी दुसरी पोळी मागत नाही, याचं सगळ्या नात्यागोत्यात मोठं कौतुक होतं. नागपूरच्या सक्करदऱ्याला तलावामागच्या गल्लीत त्यांचं घर. पाहुणे आले, की भागीरथाबाई पदर सावरून सांगायच्या, "आमची गार्गी म्हणजे अगदी चिमणीवाणी खाते. पोटात लेकरू आहे म्हणून जिभेचे चोचले नाही न काही नाही!" पाहुण्या बायका माना डोलवायच्या. आणि गार्गी सातव्या महिन्याचं पोट ओढणीखाली झाकून, पाण्याचा ट्रे हातात घेऊन दाराशी उभी असायची आणि हसायची. एका दोन जिवांच्या बाईची उपासमार ही त्या घरात मिरवायची गोष्ट झाली होती, आणि त्यात कोणालाही काही वावगं वाटत नव्हतं. अगदी वामनरावांनाही नाही.

वामनराव तसा सरळ माणूस. काटोलकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं वजनकाट्यावर काढली होती. कापसाच्या गाड्या यायच्या, हे वजन करून चिठ्ठी द्यायचे. काही बिलंदर दलाल वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडून आणत. वामनराव गाडीत हात खुपसून मूठभर कापूस दाबायचे आणि एकच शब्द बोलायचे, "फिरवा." मग तो दलाल कितीही ओळखीचा असो, गाडी परत जायची. निवृत्त होऊन नागपुरात आले, तरी ही ऐट काही गेली नव्हती. माझ्या डोळ्यांसमोरून खोटं वजन जात नाही, असं ते चारचौघांत छाती पुढे काढून सांगत.

गेल्या वर्षी त्यांच्या रोहितचं लग्न जमलं, तेव्हा गार्गी अठ्ठेचाळीस किलोची होती. कॉलेजात कबड्डी खेळलेली, बेताच्या उंचीची, पण चांगली हाडापेराची मुलगी. पसंती झाली, साखर वाटली गेली, आणि निघता निघता चपला घालताना भागीरथाबाई विहिणीला म्हणाल्या, "पोरगी लाखात एक आहे. फक्त लग्नापर्यंत जराशी बारीक झाली, तं फोटोत उठून दिसन." रोहितही हसला. मुलीच्या आईनं मान हलवली. मुलीची आई दुसरं काय करणार?

मग साडेतीन महिने त्या धडधाकट मुलीनं सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी आणि संध्याकाळी पातळ सूप यांवर काढले. सात किलो उतरले. सीताबर्डीहून आणलेला लेहेंगा दोनदा आतून टाचावा लागला, आणि दर वेळी बायकांनी टाळ्या वाजवल्या! फोटोवाल्यानं तिला उन्हात तीन तास फिरवलं, तिला चक्कर आली, तर तेही सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. वामनराव स्वतः मांडवात व्याह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "सून पाहा कशी, छडीसारखी!" आणि तिसऱ्याच महिन्यात गोड बातमी आली. म्हणजे एक्केचाळीस किलोच्या, अंगात रक्त नसलेल्या मुलीच्या पोटात आता एक जीव वाढायचा होता.

तो वाढावा कसा? भागीरथाबाईंचा हिशेब उलटाच होता. बाळ जेवढं लहान, तेवढी बाई सहज मोकळी होते, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. सकाळी अर्धी पोळी, दुपारी वरणाचं वरचं पाणी आणि मूठभर भात, रात्री ताक. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनी बाळ फुगतं म्हणून त्या गोळ्या डब्यात बंद. शिवाय त्या घरची जुनी रीत होतीच. आधी पुरुष जेवणार, मग सासूबाई, आणि मग सून. वामनराव जेवून हात धुऊन टीव्हीपुढे बसत. मागे पातेल्यात काय उरलं, हे बघायला त्यांनी एवढ्या वर्षांत एकदाही मान वळवली नव्हती.

मार्च महिना होता. दर महिन्याच्या तपासणीला भागीरथाबाईच गार्गीला घेऊन जात. पण त्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला होता.

"तुम्हीच जा आज हिले घेऊन," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "वजन करतीन, कार्डावर लिहितीन, झालं. जास्त चौकशा करत बसू नका तिथं."

निघताना त्यांनी गार्गीला एक तांब्या पाणी प्यायला दिलं. मग आणखी एक. गार्गी थांबली, तर म्हणाल्या, "पी वं, ऊन किती आहे बाहेर!" वामनराव चपला घालता घालता हे बघत होते. सुनेची किती काळजी घेते ही, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना बायकोचा अभिमान वाटला.

आरोग्य केंद्रात बाकांवर पंधरावीस बायका बसल्या होत्या. गार्गीला काही बसवेना. ती उभी राहायची, पुन्हा टेकायची, ओठ दाबून धरायची.

"काय होऊन राहिलं बेटा? पोटात दुखते का?" वामनरावांनी विचारलं.

"नाही मामाजी. आधी वजन होऊ द्या. मग मी बाथरूमले जाऊन येतो."

"अवं, मग आधीच जाऊन ये न!"

"नाही, नाही. वजन झाल्यावरच."

वामनरावांना हे जरा चमत्कारिक वाटलं, पण बायकांचं काही असेल म्हणून ते गप्प बसले. तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. काट्याजवळ प्रेमिलाताई होत्या. वीस वर्षांपासून याच कामात असलेल्या परिचारिका. आवाज मोठा, जीभ तिखट, आणि वस्तीतल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख तोंडपाठ.

गार्गी काट्यावर चढली. आकडा आला शेहेचाळीस.

"वा!" प्रेमिलाताई खूश झाल्या. "मागच्या महिन्यात सासूबाईले रागावली होती मी. फायदा झाला म्हणायचा. दोन किलो वाढलं न एका महिन्यात!" गार्गी तोवर काट्यावरून उतरून जवळजवळ पळत बाथरूमकडे गेली होती.

वामनराव त्या आकड्याकडे बघत राहिले. बत्तीस वर्षं ज्यानं दुसरं काही केलं नाही, त्याला काट्यावरचा आकडा आणि समोरची वस्तू जुळत नसेल तर ते अंगातच कळतं. ही मुलगी शेहेचाळीस किलोची नाही! मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. गळ्याची हाडं वर आली होती. आणि परत येताना तिच्या सलवारीखालून काहीतरी वाजलं. वामनरावांनी खाली पाहिलं. तिच्या पायांत भागीरथाबाईंचे चांदीचे तोडे होते, लग्नकार्याशिवाय पेटीबाहेर न निघणारे, एकेक चांगला जाडजूड.

"सिस्टर," वामनराव म्हणाले, "एक वेळ पुन्हा वजन करता का?"

"काहून? आत्ताच तं केलं."

"करा तुम्ही. बेटा, तोडे काढ पायातले."

गार्गीचा चेहरा पांढरा पडला. तिनं वाकून, पोट सांभाळत तोडे काढले आणि ती पुन्हा काट्यावर उभी राहिली. आकडा आला त्रेचाळीस किलो आठशे.

 गार्गी रडायलाच लागली. "आईनं सांगितलं होतं मामाजी. दोन तांबे पाणी पिऊन जा म्हणे, आन वजन होईपर्यंत थांब. मागच्या वेळीबी असंच केलं. नाही तं सिस्टर भरती करतीन, तिथं खाऊ घालून बाळ मोठं करतीन, आन मग पोट फाडतीन."

वामनरावांचे कान तापले. बत्तीस वर्षं ज्या लबाडीच्या मागे ते हात धुऊन लागले होते, ती त्यांच्याच घरात, त्यांच्याच डोळ्यांसमोर, तांब्यानं ओतली गेली होती! आणि ते चपला घालत कौतुक करत होते!

"माझ्या घरातून ओला माल!" ते ओरडलेच. "आयुष्यभर गाड्या फिरवल्या मी, सिस्टर, आन माझ्याच घरातून ओला माल आला!"

"माल नाही काकाजी," प्रेमिलाताई म्हणाल्या. "बाई आहे ती."

त्यांनी गार्गीला खुर्चीवर बसवलं, डब्यातून राजगिऱ्याचा लाडू काढून तिच्या हातात दिला, आणि मग त्या वामनरावांकडे वळल्या.

"पहिल्या तपासणीले हिचं वजन होतं एक्केचाळीस. आता सातवा सरत आला, आन खरं वजन वाढलं पावणेतीन किलो. एवढ्यात लेकरू आलं, लेकराभोवतीचं पाणी आलं, वार आली, पिशवी आली. मग ही कुठं वाढली? ही तं घटली काकाजी! आपल्या हाडामासातून काढून काढून लेकराले देऊन राहिली. हिच्यासारख्या बारीक पोरीचं तं बारा-तेरा किलो वाढायले पाहिजे नऊ महिन्यांत."

"पण लहान लेकरू असलं तं सुटका लवकर होते, असं घरी…"

"कोणं सांगितलं?" प्रेमिलाताईंचा आवाज एवढा चढला, की बाकांवरच्या बायका बघायला लागल्या. "अडीच किलोच्या खालचं लेकरू म्हणजे काय, पाहिलं का तुम्ही कधी? अंग थंड पडते त्याचं. दूध ओढायची ताकद राहत नाही. बारीकशा सर्दीनं छाती भरते. कितीक तं पहिला महिना काढत नाहीत. आन जगलं वाचलं, तं मोठेपणी साखर, बीपी लवकर मागे लागायची भीती. हे सोपं बाळंतपण म्हणायचं का?"

 प्रेमिलाताईंनी कार्ड उलटलं.

"आन ही सुरुवातीलेच एक्केचाळीस कशी? हाड तं मजबूत दिसते पोरीचं. पहिलेपासून अशीच होती का?"

"नाही," वामनराव हळू म्हणाले. "अठ्ठेचाळीस होती. लग्नासाठी बारीक केली आम्ही."

"बारीक केली!" प्रेमिलाताईंनी कार्ड टेबलावर आपटलं. "म्हणजे दिवस जायच्या आधीच तुम्ही हिच्या अंगात काही शिल्लक ठेवलं नाही. काकाजी, लोकाले वाटते दिवस गेले की मग पाहू खाण्यापिण्याचं. लेकराचं नशीब त्याच्या पहिलेच ठरू लागते. आई कोणत्या अंगानं सुरुवात करते, त्याच्यावर बरंच काही आहे. बरं, एक सांगा. घरात पहिले कोण जेवते?"

"मी आन रोहित."

"हिनं काल रात्री काय खाल्लं?"

 सात महिने ती वामनरावांच्या घरात एका जिवाला वाढवत होती, आणि काल रात्री तिनं काय खाल्लं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या स्कुटरमध्ये पेट्रोल किती आहे, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घरी आल्या आल्या त्यांनी ते तोडे भागीरथाबाईंच्या पुढ्यात ठेवले.

"हे काय करून राहिली वं तू? पोरगी उपाशी मारतं का?"

भागीरथाबाईंनी तोड्यांकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. पण त्या खजील झाल्या नाहीत, उलट उसळल्या. "मी मारतो? मी? आपल्या लेकीचं, कामिनीचं पोट फाडलं तेव्हा तुम्ही कुठं होते? काट्यावर! रामदासपेठेत दवाखान्यात बावीस दिवस मी होती तिच्याजवळ. टाके पिकले, पस झाला, पोरगी रात्रंदिवस कण्हत राहायची. चार किलोच्या वर होतं लेकरू! कशानं झालं एवढं? मीच तिले खाऊ घातले न डिंकाचे लाडू, मीच घातलं तूप! माझ्या हातानं झालं ते. पुन्हा नाही होऊ देणार मी. गार्गीचं पोट नाही फाडू देणार!"

 वामनरावांचा राग क्षणभर अडखळला. ही बाई दुष्ट नव्हती. लेकीच्या वेळची भीती तिनं सुनेच्या ताटात वाढली होती. पण म्हणून काय झालं? भीतीपोटी केलेली उपासमारही उपासमारच असते, आणि पोटातल्या जिवाला त्यामागचं प्रेम कुठे दिसतं?

संध्याकाळी रोहित कामावरून आला. सगळं ऐकून म्हणाला, "बाबा, मले काय माहीत. हे बायकाबायकांचं असते, मी कशाले पडू त्याच्यात?"

"पडू नको?" वामनराव गरजले. "लेकरू तुझं नाही का गा? फोटोत बारीक पाहिजे होती तवा बरा हसला होता! तवा नाही वाटलं बायकाबायकांचं आहे?"  त्या घरात असा आवाज सुनेच्या बाजूनं पहिल्यांदाच उठला होता.

दुसऱ्या दिवशी प्रेमिलाताई स्वतः घरी आल्या. भागीरथाबाईंनी तोंड फिरवून चहा ठेवला. प्रेमिलाताई ओट्याशीच जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी कामिनीबद्दल एक एक विचारायला सुरुवात केली. लग्नाच्या वेळी वजन किती होतं? दिवस गेले तेव्हा? मधे साखर तपासली होती का?

"चौऱ्याऐंशी होती दिवस गेले तेव्हा," भागीरथाबाई म्हणाल्या. "पहिलेपासूनच अंगानं भरलेली. साखरेचं तं शेवटी शेवटी सांगितलं डॉक्टरनं. झाल्यावर लेकराची साखरच उतरली, पाच दिवस काचेत ठेवलं होतं त्याले."

"बाई, मग ते तुमच्या लाडवांवर काहून घेता सगळं?" या वेळी प्रेमिलाताई रागावल्या नाहीत. "कामिनीचं वजन पहिलेच जास्त होतं, वरून सगळ्यांनी दोन जिवांचं खाय खाय केलं, आन साखर कोणं वेळेवर पाहिली नाही. म्हणून लेकरू फुगलं, आन जन्मल्याबरोबर त्याची साखर उतरली. तिले सुरुवातीपासून कोणी सांगणारं पाहिजे होतं. पण हिचं तसं नाही. हिच्या अंगावर मांस नाही. एकीचं औषध दुसरीले देता का तुम्ही? मग एकीचं पथ्य दुसरीले काहून?"

भागीरथाबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. गार्गीचं ताट त्या दिवसापासून भरायला लागलं, हे खरं. वरण, उसळ, अंडं, भाकरीवर तेल-चटणी, दुपारी शेंगदाणे-गूळ. गोळ्यांचा डबा उघडला. वामनराव आता गार्गी जेवायला बसल्याशिवाय बसत नसत. पण वाढताना भागीरथाबाई हात आखडता घ्यायच्या. भीती अशी दोन दिवसांत जात नाही. आणि गार्गीचं पोट तरी कुठे ऐकत होतं? महिनोन्‌महिने आखडलेली भूक, दोन घास जास्त झाले की तिला मळमळायचं. तरी पाच आठवड्यांत अडीच किलो वाढलं. प्रेमिलाताईंनी कार्डावर आकडा लिहिताना प्रत्येक वेळी आधी तिच्या पायांकडे पाहिलं.

आणि मग एका दुपारी, दिवस भरायला महिना बाकी असताना, गार्गीला कळा सुरू झाल्या.

मोठ्या सरकारी दवाखान्यात संध्याकाळच्या आत मुलगी झाली. पोट फाडावं लागलं नाही. भागीरथाबाईंनी ऐकलं आणि हात जोडले. "पाहा, सुटली न सहज!" असं त्यांच्या ओठांवर आलंही होतं. पण नर्स कापडात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली आणि घाईघाईनं म्हणाली, "एक किलो नऊशे. आत ठेवावं लागन." तिनं कापड जरासं बाजूला केलं.

भागीरथाबाईंनी आजवर वीसएक बाळंतपणं पाहिली असतील. असं लेकरू त्यांनी पाहिलं नव्हतं. मांड्यांची कातडी सैल, म्हाताऱ्यासारखी सुरकुतलेली. बोटं काड्यांएवढी. रडायला तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. वामनरावांनी एका नजरेत हिशेब केला. निदान अडीच किलो पाहिजे होतं. सहाशे ग्रॅम कमी. त्यांच्या काट्यावर एवढी तूट आली, तर कोणी चोरलं हे विचारल्याशिवाय ते चिठ्ठी फाडत नसत. इथे विचारायची गरज नव्हती. मांडवातली स्वतःची थाप त्यांना आठवली, आणि ते भिंतीला टेकून खाली बसले.

तीन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की बाळाला आता उबेची गरज आहे, आणि सगळ्यात चांगली ऊब माणसाच्या अंगाची. उघड्या छातीवर बाळ धरून बसायचं, तासन्‌तास. आईनं धरायचं, पण गार्गीत तेवढी ताकद नव्हती. बसल्या बसल्या तिला घाम फुटायचा. मग आजीनं धरलं तरी चालेल, असं ठरलं.

भागीरथाबाईंनी ब्लाउजची बटणं काढली आणि नर्सनं ते लेकरू त्यांच्या छातीवर ठेवलं. वरून पदर, वरून चादर. सुरुवातीला त्यांना वाटलं, छातीवर काही ठेवलेलंच नाही, इतकं ते हलकं होतं. मग थोड्या वेळानं त्या नखभर जिवाचा श्वास त्यांना लागायला लागला. चार श्वास घ्यायचं, मधेच थांबायचं. ते थांबलं, की भागीरथाबाईंचाही श्वास थांबायचा. नर्सनं सांगितल्याप्रमाणे त्या बोटानं पाठ चोळायच्या, "घे न माय, घे न श्वास," असं पुटपुटायच्या, आणि पुन्हा तो श्वास सुरू व्हायचा. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत त्या हलल्या नाहीत. सुजलेला गुडघा ठणकत राहिला. पलीकडच्या खाटेवर गार्गी झोपली होती, आणि झोपेतही तिच्या गालाची हाडं दिसत होती.

त्या दोघींना असं एकत्र, एका नजरेत, भागीरथाबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. एक खाटेवर, एक छातीवर. आणि इतके दिवस प्रेमिलाताईंनी कानीकपाळी ओरडूनही जे आत शिरलं नव्हतं, ते त्या हलक्या ओझ्यानं आत शिरलं.

नवव्या दिवशी फेरीवर एक तरुण डॉक्टरीण आली. नवीन होती. कागद चाळत तिनं उभ्या उभ्या विचारलं, "बाळ एवढं लहान कसं? आईला काही आजार होता का? टीबी, मलेरिया, बीपी?"

वामनराव काहीतरी सांगायला पुढे झाले. त्याआधीच भागीरथाबाई बोलल्या.

"तिले काही आजार नव्हता, बाई. चांगली धडधाकट पोरगी होती. कबड्डी खेळत होती. तिचा आजार आम्हीच होतो."

डॉक्टरीण कागदावरून मान वर करून बघत राहिली. शेजारच्या खाटेशी उमरेडकडची एक सासू आपल्या सुनेच्या डब्यातला भात अर्धा करत होती, तिचाही हात थांबला.

"लिहा तुम्ही कागदावर," भागीरथाबाईंचा आवाज अख्ख्या वॉर्डात ऐकू जात होता आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. "लग्नाच्या आधी फोटोसाठी उपाशी ठेवली. लग्नानंतर रीत म्हणून शेवटी जेवू घातली. दिवस गेल्यावर लेकरू लहान राहावं म्हणून अर्ध्या पोळीवर ठेवली. वजन वाढलं नाही तं पाणी पाजून काट्यावर चढवली. हे सगळं मी केलं. मले वाटलं मी तिले वाचवून राहिली!" मग त्या गार्गीकडे वळल्या. "गार्गी, माय, मले माफ करशील का नाही, ते तुह्यावर आहे. मी मागत नाही. पण हे लेकरू जगलं पाहिजे."

 लगेच माफ करायला गार्गी काही देवी नव्हती, माणूस होती. ती उठून बसली आणि म्हणाली, "आई, भूक लागली." लग्न होऊन आल्यापासून त्या घरच्या कोणाला तिनं हे तीन शब्द ऐकवले नव्हते. रोहित डबा आणायला धावला.

सव्वीस दिवसांनी बाळ घरी आलं. आता ते दोन किलो तीनशेचं आहे. अजून सर्दीला जपावं लागतं, अजून दर आठवड्याला काट्यावर न्यावं लागतं, आणि पुढे काय वाढून ठेवलं आहे, हे प्रेमिलाताईही छातीठोकपणे सांगत नाहीत. सातव्या महिन्यात शहाणपण सुचलं म्हणून एवढं तरी हाती लागलं. लग्नाआधीचे साडेतीन महिने मात्र आता कोणालाही परत आणता येणार नाहीत.

वाचकहो, राग येतो तो याचाच! बाळ वजनात कमी भरलं, की आपण नशिबाला बोल लावतो, डॉक्टरला बोल लावतो, नाहीतर त्या बाळंतिणीलाच. आईचं वजन ही फोटोत बघायची गोष्ट नाही आणि नातेवाइकांत मिरवायची तर नाहीच नाही. ते फार कमी असेल तर बाळाला भोगावं लागतं, फार जास्त असेल तरी भोगावं लागतं, आणि हे भोगणं दिवस जाण्याच्या आधीपासून सुरू होतं. म्हणून मुलगी बघायला जाल तेव्हा बारीक हो म्हणू नका. सुनेला, लेकीला दिवस जाण्याआधीच डॉक्टरकडे न्या, तिचं वजन, तिचं रक्त, तिची साखर तपासा, आणि तिच्या अंगाला काय हवं ते तिच्याच अंगाकडे बघून ठरवा. शेजारणीच्या किंवा नणंदेच्या बाळंतपणाकडे बघून नको. आणि घरातल्या पुरुषांनो, हे बायकाबायकांचं आहे म्हणून हात झटकू नका. जन्माला येणाऱ्या लेकरानं कोणाचं काही बिघडवलेलं नसतं. त्याला पूर्ण वजनानं जगात येऊ देणं, हे आपल्या प्रत्येकाचं काम आहे.